खेळ आहे, प्रेक्षक आहे. मग वाहिन्या का ओस पडताहेत?

दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून सुरुवात करतो. २०२५ च्या फेब्रुवारीत न्यू ऑर्लिन्सला झालेला सुपर बोलचा सामना अमेरिकेत सरासरी १२ कोटी ७७ लाख लोकांनी पाहिला. सुपर बोलच्या इतिहासातला तो तोवरचा उच्चांक होता. दुसरा आकडा ईएसपीएन या वाहिनीचा. २०११ च्या सुमारास ही वाहिनी जवळजवळ १० कोटी घरांत पोचत होती. २०२४ साली ही संख्या ७ कोटींच्याही खाली आली. म्हणजे तेरा वर्षांत तीन कोटींहून अधिक घरांनी ‘खेळांची वाहिनी’ म्हणून सर्वांना ठाऊक असलेल्या या वाहिनीला निरोप दिला.

आता कोडे असे, की लोकांना खेळ नकोसा झाला असेल तर सुपर बोलला उच्चांकी गर्दी कुठून आली? आणि खेळ हवा असेल तर खेळाची वाहिनी सोडून लोक गेले कुठे? आपल्या मंडळींच्या गप्पांत याची उत्तरे झटपट मिळतात. कुणी म्हणतो, “हल्लीची मुलं फोनमधून डोकं वर काढत नाहीत.” कुणी म्हणतो, “खेळात राजकारण शिरलं.” कुणी म्हणतो, “महाग झालं हो सगळं!” या तिन्हींत थोडे थोडे तथ्य आहे. पण त्यांचे प्रमाण काय, आणि मूळ दुखणे कोणते, हे समजून घ्यायचे तर आधी या वाहिन्यांचे पोट कशावर भरत होते ते पाहायला हवे.

वर्गणीचा संसार

ईएसपीएनचा जन्म ७ सप्टेंबर १९७९ चा, कनेटिकट राज्यातल्या ब्रिस्टल या लहानशा गावातला. बिल रासमुसेन हे गृहस्थ एका हॉकी संघाच्या नोकरीतून आदल्या वर्षी बाहेर पडले होते. कनेटिकटमधल्या संघांचे सामने केबलवरून दाखवावेत एवढाच त्यांचा बेत. पण उपग्रहावर रोज काही तास भाड्याने घेण्यापेक्षा चोवीस तास घेणे स्वस्त पडते असे लक्षात आले, आणि चोवीस तास खेळ दाखवणारी वाहिनी ही कल्पना पुढे आली. पैसा गेटी ऑइल या तेल कंपनीचा. सुरुवातीला दाखवायला मोठे खेळ नव्हते. पहिल्या दिवशी सॉफ्टबॉलचा सामना होता. पुढे ऑस्ट्रेलियातला फुटबॉलही दाखवून वेळ भरून काढावा लागे. एनएफएलचे सामने या वाहिनीवर यायला १९८७ साल उजाडले.

नुसत्या जाहिरातींवर हा गाडा ओढणे कठीण होते. म्हणून १९८० च्या दशकात ईएसपीएनने एक वेगळी वाट धरली. केबल कंपनीकडून दर घरामागे, दर महिन्याला, काही सेंट घ्यायचे. हे पैसे त्या घरात कुणी खेळ पाहतो की नाही यावर अवलंबून नव्हते. घरात केबल आहे ना, मग पैसे आले. जाहिरातींचे उत्पन्न ते वेगळेच.

हा प्रकार आपल्याला नवा नाही. पुण्या-मुंबईच्या चाळीत गणपतीची वर्गणी प्रत्येक बिऱ्हाड देत असे. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा रात्रीच्या ऑर्केस्ट्राला कधी फिरकत नसत, उलट कान झाकून झोपत. तरी वर्गणी त्यांचीही असे, आणि तिच्या जोरावरच मांडव उभा राही. केबलची व्यवस्था हीच होती. स्वयंपाकाचे कार्यक्रम पाहणारी काकू, जुने चित्रपट पाहणारे काका आणि कार्टून पाहणारी चिल्लीपिल्ली, या सगळ्यांच्या घरून खेळाची वर्गणी जात होती. फरक इतकाच, की चाळीत पावती हातात मिळे. इथे ही रक्कम केबलच्या एकूण बिलात मुरलेली असे, त्यामुळे ती कुणाला दिसत नव्हती.

या वर्गणीचा दर चढत गेला. काही सेंटांवरून तो डॉलरवर गेला, आणि २०११ च्या सुमारास पाच डॉलरांच्या आसपास आला. अलीकडच्या अंदाजांप्रमाणे तो दरमहा नऊ डॉलरांच्या वर आहे. बाकीच्या बहुतेक वाहिन्यांना सेंटांत मोजावे अशी रक्कम मिळते. १९९६ साली डिस्नेने कॅपिटल सिटीज-एबीसी ही कंपनी घेतली तेव्हा ईएसपीएन तिच्यासोबत आली, आणि पुढे कित्येक वर्षे डिस्नेच्या नफ्याचा मोठा भाग मिकी माउसकडून न येता ब्रिस्टलहून येत होता.

आधी कोण गेले?

२००७ साली नेटफ्लिक्सने इंटरनेटवरून चित्रपट दाखवायला सुरुवात केली. २००८ च्या मंदीने घरोघरी खर्चाची वही पुन्हा उघडली गेली. केबलचे बिल एव्हाना शंभर डॉलरांकडे झुकले होते. तेव्हा काकूंच्या ध्यानात आले, की आपल्याला हवे ते दहा-बारा डॉलरांत मिळते आहे. मग केबल हवी कशाला?

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. पहिल्या लाटेत जी घरे केबल सोडून गेली, त्यांतली पुष्कळशी खेळ पाहणारी नव्हतीच. खेळाच्या शौकिनाला तेव्हा केबलवाचून गत्यंतर नव्हते. वर्गणी देणारा पण मांडवात न येणारा जो, तो सर्वांत आधी उठला. ‘ईएसपीएनने इतकी घरे गमावली’ असे मथळे वर्तमानपत्रांत आले, तेव्हा त्याचा अर्थ इतक्या घरांनी खेळ पाहणे सोडले असा नव्हता. न पाहता पैसे देणारे पैसे द्यायचे थांबले, असा होता.

पण वाहिनीच्या दृष्टीने हेच अधिक घातक. एक सोपा हिशेब मांडू. आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. शंभर घरांकडून नऊ-नऊ डॉलर आले तर नऊशे जमले. त्यांतली तीसच घरे खेळ पाहणारी आहेत असे धरा. उरलेली सत्तर निघून गेली, तर तेच नऊशे जमवायला या तीस घरांकडून तीस-तीस डॉलर घ्यावे लागतील. ऑगस्ट २०२५ मध्ये ईएसपीएनने केबलशिवाय, थेट ग्राहकाला आपली पूर्ण सेवा विकायला काढली तेव्हा तिची किंमत होती महिना २९ डॉलर ९९ सेंट. पडद्यामागची खरी किंमत प्रथमच पडद्यावर दिसली असे म्हणायला हरकत नाही. इतकी वर्षे उरलेले पैसे शेजारी भरत होते.

खर्च मात्र वाढतच गेला

एखाद्या घरातले कमावते हात कमी झाले तर माणसे खर्चाला आळा घालतात. इथे उलटे झाले. चित्रपट-मालिका लोक आपल्या सवडीने पाहू लागले, जाहिराती पुढे ढकलू लागले. ज्या त्या क्षणीच, जाहिरातींसकट पाहिला जातो असा एकच मोठा कार्यक्रम उरला, तो म्हणजे थेट सामना. २०२३ साली अमेरिकेत सर्वांत जास्त पाहिल्या गेलेल्या १०० दूरचित्रवाणी प्रक्षेपणांपैकी ९३ एनएफएलचे सामने होते. साहजिकच ज्याच्या हाती सामने, तो म्हणेल ती किंमत.

२०२१ साली एनएफएलने ११ वर्षांचे करार केले, त्यांची बेरीज सुमारे ११० अब्ज डॉलर होते. बास्केटबॉलच्या एनबीएचा आधीचा करार ९ वर्षांना २४ अब्जांचा होता. २०२४ साली झालेला नवा करार ११ वर्षांना सुमारे ७६ अब्जांचा आहे, म्हणजे वर्षाचा दर जवळजवळ अडीच पट. वर्गणीदार घटले आणि मांडवाचे भाडे अडीच पट झाले. मग उरलेल्यांची वर्गणी वाढवायची, ती वाढली की आणखी काही उठून जायचे, म्हणून पुन्हा वाढवायची. या चक्रातून अजून सुटका झालेली नाही.

आणि आता हक्कांच्या लिलावात समोर बसले आहेत अॅमेझॉन, अॅपल, गूगल, नेटफ्लिक्स. त्यांचा संसार खेळावर चालत नाही. अॅमेझॉनला सामन्याच्या निमित्ताने सभासद मिळाले तरी पुरे. बाकी पैसे तो साबण-पुस्तके विकून काढील. ज्या वाहिनीचे पोटच खेळावर आहे तिने अशांशी बोली लावायची म्हणजे किराणा दुकानदाराने सावकाराशी पैज लावण्यासारखे आहे.

डॉजर्सची गोष्ट

स्थानिक संघांचे सामने दाखवणाऱ्या प्रादेशिक वाहिन्यांची दशा तर याहून वाईट झाली. लॉस एंजेलिस भागातल्या वाचकांना डॉजर्सची गोष्ट आठवत असेल. या बेसबॉल संघाने टाइम वॉर्नर केबलशी २५ वर्षांचा, ८ अब्ज डॉलरांहून मोठा करार केला आणि २०१४ च्या हंगामापासून सामने एका नव्या वाहिनीवर गेले. त्या वाहिनीसाठी मागितलेला दर इतर केबल आणि डिश कंपन्यांना पटला नाही. त्यांनी ती घेतलीच नाही. परिणाम असा, की त्या महानगरातल्या फार मोठ्या वस्तीला आपल्याच गावच्या संघाचे सामने घरी दिसेनासे झाले.

त्या संघाचे समालोचक होते विन स्कली. १९५० पासून, संघ ब्रुकलिनला होता तेव्हापासून, त्यांचा आवाज लोकांच्या कानात होता. कसोटीच्या दिवशी रेडिओभोवती बसून समालोचन ऐकत वाढलेल्या आपल्या पिढीला त्या आवाजाचे मोल वेगळे सांगायला नको. २०१६ साली ते निवृत्त झाले. म्हणजे त्यांची शेवटची तीन वर्षे ज्या शहराने त्यांना डोक्यावर घेतले, त्याच शहरातल्या लाखो घरांत त्यांचे प्रक्षेपण पोचत नव्हते. हा पेच बऱ्याच अंशी सुटायला २०२० चा एप्रिल उजाडला. सहा हंगाम गेले. जे मूल २०१४ साली सहा वर्षांचे होते, ते तोवर बारा वर्षांचे झाले. ज्या वयात एखाद्या संघाचे वेड लागते ते वय निघून गेले. संघाला पैसे मिळाले, पण त्या मुलांची आवड कोणत्या करारात भरून मिळणार?

देशभरातही तेच घडले. २०१९ साली डिस्नेने फॉक्सचा मोठा भाग घेतला तेव्हा सरकारच्या अटीनुसार प्रादेशिक क्रीडावाहिन्या विकाव्या लागल्या. त्यांपैकी २१ सिंक्लेअर कंपनीने सुमारे १० अब्ज डॉलरांना घेतल्या, बहुतांश कर्ज काढून. चारच वर्षांत, मार्च २०२३ मध्ये, त्या चालवणारी डायमंड स्पोर्ट्स ही उपकंपनी दिवाळखोरीच्या न्यायालयात उभी राहिली. मे महिन्याच्या अखेरीस सॅन डिएगो पाड्रेसचे सामने दाखवायची जबाबदारी बेसबॉल संघटनेला स्वतःच्या अंगावर घ्यावी लागली, जुलैत अॅरिझोनाच्या संघाचे तेच झाले.

सामना आहे कुठे?

पैशाइतकाच दुसरा त्रास शोधाशोधीचा. पूर्वी रविवारी दुपारी संच लावला की फुटबॉल दिसे. २०२४ च्या हंगामात एनएफएलचा एकही सामना चुकवायचा नाही असे ज्याने ठरवले, त्याला सीबीएस, फॉक्स, एनबीसी, एबीसी-ईएसपीएन आणि एनएफएल नेटवर्क तर हवेच. शिवाय गुरुवारसाठी अॅमेझॉन, नाताळच्या दोन सामन्यांसाठी नेटफ्लिक्स, एका सामन्यासाठी पीकॉक, आणि रविवारचे परगावचे सामने पाहायला यूट्यूबची ‘संडे टिकिट’ ही वेगळी वर्गणी. प्रत्येकाचे खाते निराळे, परवलीचा शब्द निराळा, बिलाची तारीख निराळी. घरात सत्तरीचे आई-वडील असतील तर त्यांना हे समजावून सांगणे हा एक स्वतंत्र सामना होतो.

अशाने मोठ्या सामन्याचे प्रेक्षक कमी होत नाहीत. १३ जानेवारी २०२४ चा कॅन्सस सिटी विरुद्ध मायामी हा सामना, दोन्ही संघांची गावे सोडली तर, फक्त पीकॉकवर होता. लोक चिडले, तक्रारी झाल्या, पण सरासरी २ कोटी ३० लाख लोकांनी तो पाहिलाच. ज्याला तहान आहे तो विहीर शोधतो. पण ज्याला तहान नाही, सहज संच लावला आणि रमला असा जो प्रेक्षक, तो या वाटेवर भेटणारच नाही. आणि आजचे बहुतेक पक्के शौकीन कधी काळी असेच सहज आलेले प्रेक्षक होते.

त्यात भर भांडणांची. ३१ ऑगस्ट २०२३ ला डिस्ने आणि चार्टर या केबल कंपनीचे दरावरून फिसकटले आणि सुमारे दीड कोटी घरांतली ईएसपीएन बंद पडली. अमेरिकन ओपन टेनिस चालू होते, कॉलेज फुटबॉल नुकतेच सुरू झाले होते. ११ सप्टेंबरला, सोमवार रात्रीच्या फुटबॉलआधी काही तास, तडजोड झाली. २०२५ च्या ३० ऑक्टोबरला यूट्यूब टीव्हीशी असेच भांडण होऊन दोन आठवडे पडदा काळा राहिला. केबलला कंटाळून लोक ज्या यूट्यूब टीव्हीकडे गेले, तिची किंमत २०१७ साली ३५ डॉलर होती आणि जानेवारी २०२५ मध्ये सुमारे ८३ डॉलर झाली. आगीतून निघून फुफाट्यात, दुसरे काय! दोन कंपन्यांच्या वादात ग्राहकाचे पैसे कापले जायचे थांबत नाहीत, सामना मात्र थांबतो. एकदा असा अनुभव आला की माणूस म्हणतो, “नको ती कटकट, निकाल सकाळी कळेलच.”

राजकारणाचे कितपत?

आता त्या दुसऱ्या उत्तराकडे वळू. २०१६ साली कॉलिन कॅपर्निक हा खेळाडू राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसू लागला, २०१७ साली राष्ट्राध्यक्षांनी त्यावर तोफ डागली, आणि ईएसपीएनच्या निवेदकांच्या मतांवरूनही वाद पेटला. या दोन्ही हंगामांत एनएफएलचा दूरचित्रवाणीवरचा प्रेक्षक घटला हे खरे. काही लोक रागावून गेले हेही खरे मानू. रागावलेल्यांत दोन्ही बाजूंचे होते.

पण हे मुख्य कारण मानायला दोन अडचणी आहेत. पहिली अशी, की त्याच वर्षांत मुलांच्या, संगीताच्या, प्रवासाच्या वाहिन्यांनीही घरे गमावली. त्यांच्यावर कोण गुडघ्यावर बसले होते? केबल सोडणारा माणूस एक वाहिनी सोडत नाही, अख्खा गठ्ठा सोडतो. दुसरी अशी, की एनएफएलचा प्रेक्षक पुढे परत आला. राग हे कारण असेल तर तो ओसरल्यावर ईएसपीएनची घरेही परत यायला हवी होती. ती आली नाहीत.

तरुणांचे, आणि मधल्या तासांचे

तरुण पिढीबद्दलची तक्रार थोडी अधिक खरी आहे, पण तिचे मूळ आळसात नाही. १९९० च्या दशकात दिवसभराचे निकाल आणि रंगतदार क्षण पाहायचे तर ईएसपीएनच्या ‘स्पोर्ट्‌ससेंटर’ला पर्याय नव्हता. रात्री अकराला ते पाहणे हा अनेक घरांचा परिपाठ होता. आज तोच क्षण मिनिटाभरात फोनवर येतो. बातमीपत्राचे काम संपले. मग ते तास भरायचे कशाने? चार माणसे टेबलाभोवती बसवून वाद घालायला लावणे सर्वांत स्वस्त. म्हणून दिवसभर आरडाओरडा. शिवाय मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या पैजांची बंदी उठवल्यापासून पडद्यावर पैजेचे भाव फिरू लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर ईएसपीएनने आपले नावच एका पैजेच्या सेवेला भाड्याने दिले. मुलांना घेऊन सामना पाहायला बसलेल्या पालकांना हे कितपत रुचत असेल, याचा विचार वाहिन्यांनी केलेला दिसत नाही.

सामन्यांतही वेळकाढूपणा कमी नाही. २०१० साली वॉल स्ट्रीट जर्नलने मोजून दाखवले, की तीन तासांच्या एनएफएल सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो जेमतेम ११ मिनिटे. बाकी चर्चा, पुनर्दर्शन आणि जाहिराती. उलट बेसबॉलने २०२३ साली गोलंदाजासाठी घड्याळ आणले, तेव्हा सामन्याची सरासरी लांबी तीन तासांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आली आणि मैदानावरची गर्दी ७ कोटींच्या पार गेली. लोकांना खेळ हवा आहे, फक्त त्यांच्या वेळेचा मान राखा, एवढाच याचा अर्थ.

आपल्या क्रिकेटचे काय?

हा प्रश्न परक्यांचा वाटत असेल तर क्रिकेटकडे पाहू. इंग्लंडमध्ये २००५ ची अॅशेस मालिका चॅनेल फोरवर विनामूल्य दिसत होती. एका वेळी ८० लाखांहून अधिक लोकांनी ती पाहिली. २००६ पासून मायदेशातले कसोटी सामने पैसे भरून पाहायच्या स्काय वाहिनीकडे गेले. पुढची मायदेशातली अॅशेस, २००९ ची, इंग्लंडनेच जिंकली, तरी प्रेक्षकांचा उच्चांक २० लाखांच्या आसपासच राहिला. मंडळाच्या तिजोरीत पैसा आला, घराघरातले क्रिकेट मात्र आटले. २०१९ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना स्कायने चॅनेल फोरलाही दाखवू दिला तेव्हा पुन्हा ८० लाखांवर माणसे गोळा झाली. माणसे होतीच, दार बंद होते.

भारताने याबाबत वेगळी वाट धरली. हिरो कपवरून उठलेल्या वादात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे ठरवले, आणि २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीलाही देणे बंधनकारक झाले. खेड्यातल्या पोरालाही दूरदर्शनवर भारताचा सामना दिसावा, हा त्यामागचा विचार.

अमेरिकेत काय झाले पाहा. ६ जून २०२४ ला डॅलसजवळ टी-२० विश्वचषकात अमेरिकेने पाकिस्तानला हरवले. निर्णायक ‘सुपर ओव्हर’ टाकली मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने, जो इथे ओरॅकलमध्ये अभियंता आहे. अमेरिकन क्रिकेटच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा दिवस. पण या देशातले प्रक्षेपणाचे हक्क विलो या वर्गणीच्या वाहिनीकडे होते. विलो कुणाकडे असते? आपल्याकडे, आणि आपल्यासारख्यांकडे, ज्यांना क्रिकेट आधीच ठाऊक आहे. ओहायोतल्या एखाद्या अमेरिकन मुलाने त्या दुपारी सहज संच लावला असता तर त्याला हा सामना दिसणे शक्य नव्हते. दुसऱ्या दिवशी बातमी वाचून त्याला नवल वाटले असेल, पण नवल वाटणे आणि गोडी लागणे यांत फार अंतर आहे. आपल्या मुलांच्या शाळेतल्या मित्रांना क्रिकेट कळावे असे वाटत असेल, तर ही गोष्ट आपल्याही जिव्हाळ्याची आहे.

ज्याचे दार उघडे, त्याची गर्दी

अखेर पहिल्या कोड्याकडे येऊ. एनएफएल वाढते आणि क्रीडावाहिन्या आटतात हे कसे? त्याचे उत्तर पुष्कळसे एका साध्या धोरणात आहे. एनएफएलचे बहुसंख्य सामने आजही छपरावरच्या साध्या अँटेनावर, विनामूल्य दिसतात. सामना केबलवर असो की अॅमेझॉनवर, खेळणाऱ्या संघांच्या गावात तो स्थानिक विनामूल्य वाहिनीवर दाखवलाच जातो. बेसबॉलने मात्र आपले रोजचे स्थानिक सामने वर्गणीच्या कुंपणाआड नेले. वीस वर्षे त्यातून भरपूर पैसा मिळाला, आणि कुंपण कोसळले तेव्हा आत माणसे थोडी उरली होती.

हे काहींच्या लक्षात येऊ लागले आहे. २०२३ साली फीनिक्स सन्स आणि युटा जॅझ या बास्केटबॉल संघांनी प्रादेशिक केबल वाहिनी सोडून आपले स्थानिक सामने विनामूल्य वाहिनीवर आणले. आजचे उत्पन्न थोडे कमी झाले तरी चालेल, पण प्रेक्षक टिकवायचा, असा त्यामागचा हिशेब.

तोवर आपण काय करावे? एक म्हणजे चाळीस-पन्नास डॉलरांचा अँटेना छपरावर किंवा खिडकीत लावून पाहावा. मोठ्या शहराजवळ राहणाऱ्यांना एनएफएल, ऑलिंपिक आणि आणखी बरेच काही त्यावर फुकट मिळते. दुसरे, इंटरनेटवरच्या बऱ्याच सेवा महिन्याच्या बोलीवर असतात. हंगाम आला की घ्यावी, संपला की बंद करावी. बारा महिने पैसे भरत बसू नये. तिसरे, बिलातली ‘प्रादेशिक क्रीडा शुल्क’ अशी वेगळी ओळ एकदा तपासावी. आपण पाहत नसलेल्या वाहिनीसाठी ती असेल तर कंपनीला फोन करून स्वस्तातला गठ्ठा मागावा. आणि चौथे, भारताचा मोठा सामना असेल तेव्हा ज्याच्याकडे विलो आहे त्याच्या फॅमिली रूममध्ये चार घरांनी जमावे, येताना पोहे-चिवडा आणावा आणि शेजारच्या अमेरिकन कुटुंबालाही बोलवावे. त्यांच्या मुलाला एलबीडब्ल्यू समजावून सांगायला आपल्यातले काका-मामा मोठ्या आनंदाने पुढे येतील, याची मला खात्री आहे.